हळब्यांची राख

पावणेदोनला विजयमाला खराडेचा डोळा लागतो. रोज लागतो. झुणका-भाकरी पोटात गेली, डबा धुऊन झाला, की ती खुर्ची भिंतीला टेकवते, टेबलाचा खालचा खण अर्धा ओढून त्यावर पाय ठेवते आणि दहा मिनिटं डुलकी काढते. संग्रहालयात हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी काही बोलत नाही, कारण सत्तावीस वर्षांत त्या दहाची अकरा झालेली नाहीत.

आज मात्र झोप सरळ येत नाही. येते, दारात उभी राहते, परत जाते. टेबलावर एक यादी पडली आहे आणि तिच्या तळाशी विजयमालेच्या सहीची जागा मोकळी आहे. कोल्हापुरातलं हे जुन्या माहितीपटांचं संग्रहालय आहे, आणि फिल्म म्हणजे लोणच्यासारखी गोष्ट, नीट नाही ठेवली की बिघडते. बिघडली की डब्यातून व्हिनेगरचा आंबूस वास सुटतो आणि शेजारच्या डब्यांनाही बाधा होते. असे त्रेचाळीस डबे बाजूला काढलेत. उद्या सकाळी दहाला टेम्पो येणार, डबे नेणार, नष्ट करणार. त्याआधी खराडे बाईंनी सही करायची.

सहीचं एवढं काही नाही. तिला लागलंय ते दुसरंच. उद्याच तिला पुण्याच्या देवयानी टिपणीस नावाच्या संशोधक बाईंना पत्र लिहायचं आहे, की प्राध्यापक नीळकंठ हळबे यांचं हयातीतलं चित्रीकरण आमच्याकडे उपलब्ध नाही.

हळबे म्हणजे ज्यांची पुस्तकं जर्मनीत आणि जपानात शिकवतात ते हळबे. त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एका प्रश्नावर उभं आहे, 'कशावरून?' कुणी म्हटलं देव आहे, तर कशावरून? कुणी म्हटलं नाही, तर तेही कशावरून? माणूस एवढा मोठा, पण मागे उरले ते तीन फोटो. जिवंतपणीचं हलतं चित्र एक नाही, आवाज तर नाहीच. त्यामुळे ते 'कशावरून' कसं म्हणायचे यावर त्यांच्या शिष्यांत दोन तट पडलेत. एक म्हणतो मायेनं, दुसरा म्हणतो कानाखाली मारल्यासारखं. यावरून दोघांनी एकेक पुस्तक लिहिलंय आणि एकमेकांच्या घरच्या लग्नाला जायचं बंद केलंय. एकोणीसशे एकाहत्तरमध्ये एका माहितीपटवाल्यानं रंकाळ्यावर हळब्यांना कॅमेऱ्यात घेतल्याचा उल्लेख एका पत्रात सापडला, तेव्हापासून चार महिने विजयमाला ते रीळ शोधते आहे. मुलाखती, व्याख्यानं, सत्कार, ही सगळी कपाटं झाली. पशुसंवर्धनही झालं, कारण तिथं एकदा कुस्तीचं रीळ निघालं होतं. कुठं काही नाही. 'उपलब्ध नाही' हे दोन शब्द तिनं आजवर शंभरदा लिहिले असतील, पण या खेपेला हात उचलत नाही.

पंख्याची घरघर लांब जाते. डोळे मिटतात, पण पापण्यांच्या आतूनही खोली दिसतेच आहे. तीच खोली, तेच टेबल, तीच यादी. फक्त समोरच्या स्टुलावर येसबामामा बसले आहेत.

येसबा कुंभार म्हणजे इथले फिल्म कापणारे. चाळीस वर्षं त्यांनी कात्रीनं आणि डिंकानं फिल्म कापली, जोडली. विजयमाला नोकरीला लागली तेव्हा ते निवृत्तीला आले होते, तरी फिल्म हातात कशी धरायची ते तिला त्यांनीच शिकवलं. ते जाऊन नऊ वर्षं झाली. गेलेला माणूस स्टुलावर बसलाय याचं विजयमालेला काही वाटत नाही. त्या स्टुलाचा एक पाय मोडका आहे, त्याची मात्र काळजी वाटते.

"मामा, त्या स्टुलावर नको. पडशीला."

"आता काय पडतोय गं मी," येसबा म्हणतात. "जेवलीस?"

"जेवलो."

कोल्हापूरच्या बायका 'जेवलो, आलो, गेलो'च म्हणतात. टिपणीस बाईंना फोनवर पहिल्यांदा हे ऐकून वाटलं होतं, की खराडे बाईंनी फोन कुणा पुरुषाच्या हातात दिला.

"काय हुतं डब्यात?"

"झुणका."

"कांदा घातलावतास?"

"घातलावता की."

येसबांचं समाधान होतं. ते धोतराला हात पुसतात. इथं येण्याआधी ते काहीतरी ओलं काम करत होते, असं दिसतं.

"मामा, हळब्यांचं रीळ कुठं हाय?"

"राखलंय की."

"कुठं?"

"चल," म्हणून ते उठतात. स्टूल पडत नाही.

ती दार उघडते. बाहेर जिना हवा, तिथं रंकाळा आहे. दुपारचाच. तळ्यात गुडघाभर पाण्यात संग्रहालयातली लोखंडी कपाटं ओळीनं उभी आहेत आणि पाणी त्यांच्या पायांशी डुचमळतंय. असं पाणी लागलं तर गंज चढणार, विजयमालेच्या मनात येतं, कुणाला तरी अर्ज करायला पाहिजे. येसबा चपला हातात घेऊन कडेकडेनं चाललेत. तिनं आपल्या घेतलेल्या नाहीत आणि तरी त्या भिजत नाहीत.

कठड्याशी एक कणीसवाला निखाऱ्यावर कणसं भाजतोय. त्याच्यासमोर एक माणूस कठड्यावर पाठमोरा बसला आहे. पांढरा सदरा, बारीक मान, मानेवर सुरकुती. बोलताना त्याचा उजवा खांदा वर-खाली होतोय. कणीसवाला हसतो.

"ते कोण, मामा?"

"तेच."

विजयमाला वळसा घालून पुढं जाते. पुढं गेल्यावरही पाठच दिसते. ती पुन्हा वळसा घालते. पुन्हा पाठ. तिसऱ्यांदा ती पळत जाते, तर कणीसवाला म्हणतो, "बाई, निखारं हाईत, सांभाळून," आणि ती ओशाळून थांबते. चार महिने तिनं नेमकं हेच केलंय, नुसते वळसे.

"हितनं न्हाई दिसायचं," येसबा म्हणतात. "कापायच्या खोलीत चल."

कापायची खोली म्हणजे विजयमालेचं मंगळवार पेठेतलं स्वयंपाकघर आहे. तिला त्याचं नवल वाटत नाही, वाटते ती लाज, कारण ओटा पुसायचा राहिलाय. ओट्यावर कुकरशेजारी फिल्म कापायचं यंत्र आहे. खाली, पिठाच्या डब्यांच्या जागी, दोन लाकडी पेट्या आहेत. दोन्हींवर कोळशानं लिहिलंय. एकीवर 'राख'. दुसरीवर 'टाक'.

"ह्या कसल्या?"

"माझ्या न्हवं का," येसबा उकिडवे बसत सांगतात. "फिलम काढणारा सायेब मागं खुर्ची टाकून बसायचा. मी तुकडा दावायचो. त्यो म्हणायचा, हे राख. हे टाक. मग मी त्या त्या पेटीत सोडायचो. डब्यावर बी तसंच ल्ह्यायचो. राख म्हंजे ठेवायचं. टाक म्हंजे कचरा."

"आणि हळबे?"

"हळब्यांला सायेब म्हणाला, टाक. एवढा मोठा माणूस, आन कणीस खात खात बोलतोय, शोभत न्हाई म्हणाला." येसबा दोन्ही पेट्यांकडं बघतात. "मी व्हय म्हटलं. आन राखमधी सोडलं."

"साहेबानं बघितलं न्हाई?"

"सायेब चहा पीत हुता."

विजयमालेला हसू येतं. हसता हसता ती पेटीवरचं अक्षर पुन्हा वाचते. राख. आणि हसू जागच्या जागी थांबतं.

स्वयंपाकघराची फरशी उतरती होते. एकेक फरशी खाली, तिच्याखाली दुसरी, आणि तळाला पाणी. हा पंचगंगेचा घाट आहे. पायरीवर एक नोंदवही उघडी पडली आहे. लाल पुठ्ठा, निळी शाई, एकोणीसशे सत्त्याण्णव. अक्षर विजयमालेचं आहे, चोवीस वर्षांच्या विजयमालेचं, घोटून काढलेलं. ती नुकतीच नोकरीला लागली होती. डब्यांवरच्या जुन्या पट्ट्या सुटायला आल्या होत्या. त्या काढायच्या, नोंदवहीत नाव चढवायचं, डब्यावर नवी पट्टी चिकटवायची, हे तिचं पहिलं काम.

ती वाचते. 'प्रा. हळबे : अंत्ययात्रा, भाग एक.' 'प्रा. हळबे : अंत्ययात्रा, भाग दोन.' आणि त्याच्याखाली, डबा क्रमांक अकरा, 'प्रा. हळबे : रक्षाविसर्जन.'

तिला सगळं आठवतं. तीन डबे शेजारी शेजारी होते. पहिल्या दोहोंवर अंत्ययात्रा लिहिलेलं, आणि तिसऱ्यावर जाड पेन्सिलीनं नुसतं 'हळबे राख'. अंत्ययात्रेनंतर राख येणारच, त्यात विचार काय करायचा? पण एवढ्या मोठ्या माणसाची, आणि ती सरकारी छापाच्या वहीत, नुसती 'राख'? बी. ए.ला तिला मराठीत पहिला वर्ग होता. तिनं राखेची रक्षा केली, पुढं विसर्जन जोडलं आणि जुनी पट्टी ओरबाडून टोपलीत टाकली. संग्रहालयाच्या साहेबांनी वही बघून सगळ्यांसमोर म्हटलं होतं, खराडे बाईंची भाषा शुद्ध आहे हो. त्या दिवशी तिनं घरी जाताना पेढे नेले होते.

तेव्हापासून हळबे मर्तिकाच्या कपाटात आहेत. जिवंत माणसाला शोधायला त्या कपाटात कोण जाणार? ती स्वतःसुद्धा गेली नाही.

"काखंत कळसा," येसबा म्हणतात, आणि पुढचं बोलत नाहीत.

"मी शुद्ध करून लिहिलं, मामा."

"व्हय. लई शुद्ध केलंस." मग जरा थांबून, तिला बरं वाटावं म्हणून, "तसं रक्षा म्हंजे तरी काय गं? राखणंच की."

याचं तिला रडू येतं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

घाटावर गर्दी आहे. माणसं ओळीनं उभी आहेत आणि प्रत्येकाच्या हातात फिल्मचा डबा आहे. खालच्या पायरीवर कमरेइतक्या पाण्यात एक जण उभा राहून डबे घेतोय आणि सोडतोय. त्यानं टेम्पोवाल्याची खाकी विजार घातली आहे. "पुढचं आणा," तो म्हणतो. डबा बुडताना आवाज होत नाही. विजयमाला ओळीत आहे. तिच्या हातात अकरा नंबरचा डबा आहे, उद्याच्या यादीतला, आणि पुढं चार माणसं.

"मामा, दवाखान्यात तुम्ही मला सांगितलं होतं."

"व्हय."

ते तिला कधीच विसरता आलेलं नाही, फक्त त्याचा अर्थ आज लागतोय. येसबा शेवटच्या आठवड्यात होते. ती शहाळं घेऊन भेटायला गेली होती. त्यांनी तिचा हात धरून म्हटलं होतं, "माला, हळब्यांची राख बघ गं. जपून हाय न्हवं?" ताप डोक्यात गेलाय, असं तिला वाटलं. तापातल्या माणसाशी वाद घालू नये म्हणून ती समजुतीनं म्हणाली होती, "ती कवाच सोडली की मामा, पंचगंगेत. तुमी नका काळजी करू." येसबांनी तिच्याकडं असं बघितलं होतं, की शहाळं तिच्या हातातच राहिलं. मग त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. ती तासभर बसली, पण ते वळले नाहीत. तिसऱ्या दिवशी गेले.

"तुम्ही तोंड फिरवलं."

"मग काय करू? तू म्हटलीस सोडली." येसबांच्या आवाजात राग नाही. बस चुकल्याचं सांगावं तसं ते सांगतात. "म्हटलं, जिच्यापायी सायबाला मी फशिवलं, ती पोरीनं सोडली गंगेत. संपलं."

"तुम्ही विचारायचं तरी होतं मला. कसली राख, कुठली राख."

"तू तरी कुठं इचारलंस?"

हे खरं आहे. तिनं विचारलं नाही. वहीत लिहिताना नाही, दवाखान्यात नाही. सत्तावीस वर्षं ती हळब्यांचं रीळ सांभाळते आहे आणि त्यांचा 'कशावरून?' एवढा एक शब्द तिच्या तोंडून निघाला नाही. शरमेनं तिचे कान तापतात.

"पुढचं आणा." पुढं आता दोन माणसं आहेत.

"कसं म्हणायचे ते, मामा?" ती घाईनं विचारते. "कशावरून, असं. मायेनं का कडक?"

"मी सांगू आन तू ल्हिणार? पुन्यांदा शुद्ध करून?" येसबा हसतात. मेल्यापासून त्यांचे दात चांगले झालेत. "तुझं तू ऐक."

ते खिशातून फिल्मचा एक तुकडा काढतात. बोटाच्या पेराएवढा. दोन्ही बाजूंनी सारखाच काळपट.

"चित्राची बाजू कुठली, सांग."

ती उजेडाकडं धरते. घाटावरचा उजेड मऊ आहे आणि काही दाखवत नाही. "मशीनवर लावून बघायला पाहिजे."

"मशिनी आल्या आन तुमी ओठ इसरला," येसबा म्हणतात. "ओला कर जरा ओठ. लाव. चिकटंल ती चित्राची बाजू. शिकिवलं हुतं तुला."

शिकवलं होतं खरं. ती खालचा ओठ जिभेनं ओला करते आणि तुकडा टेकवते. तो चिकटतो. आंबूस लागतं.

"पुढचं आणा."

पुढं कुणी नाही. खाकी विजारीवाला हात पुढं करतो. त्याचे हात डब्याच्या दोन बाजूंना लागतात. विजयमालेला 'न्हाई' म्हणायचं आहे. एवढाच शब्द म्हणायचा आहे, पण ओठ उघडत नाही, चिकटलाय. ती येसबांकडं बघते. येसबा घाटाच्या वरच्या पायरीवर गेलेत आणि चपला पायात घालताहेत. डबा ओढला जातोय. ती दोन्ही हातांनी धरून ठेवते, पाय पायरीत रोवते, आणि नाकातून, घशातून, कुठून तरी आवाज काढते.

त्या आवाजानं ती जागी होते.

पंखा फिरतोय. भिंतीवरच्या घड्याळात दोनला पाच कमी आहेत. समोरचं स्टूल रिकामं आहे. दोन्ही हातांत टेबलाची कड घट्ट धरलेली आहे आणि बोटं पांढरी पडलीत. पाय खणावरून कधीच खाली आलेत. बाहेर जिन्यावर कुणीतरी कुणाला तरी चहाचं विचारतंय.

ती जांभई द्यायला जाते, तर ओठ ताणला जातो. खालच्या ओठावर काहीतरी आहे. भाकरीचा पापुद्रा असेल म्हणून ती नखानं ओढते. निघत नाही. पुन्हा ओढते. निघतो, आणि सोबत ओठाचं कातडंही जरासं घेऊन निघतो.

फिल्मचा एक तुकडा आहे, चित्र एक, करंगळीच्या नखाएवढं. एका कडेला भोकं आहेत आणि दुसऱ्या कडेला आवाजाची तपकिरी पट्टी.

विजयमाला तो चिमट्यात धरते, खिडकीपाशी जाते आणि भिंग लावते. कोपर गजाला टेकवते. चित्रात एक माणूस आहे, समोरून. कपाळावर गंध नाही, गळ्यात हार नाही, नाकात कापूस नाही. उजवा हात वर आहे आणि त्यात अर्धं खाल्लेलं कणीस आहे. तोंड उघडं आहे, आणि वरच्या ओळीत पुढचा एक दात नाही. तिन्ही फोटोंत हळब्यांनी ओठ मिटून घेतलेले आहेत. त्यांना पुढचा दात नव्हता, हे कुठल्याच पुस्तकात नाही.

ती बराच वेळ बघते. टेबलावरची यादी वाऱ्यानं उडून खाली पडते, ती उचलत नाही. डुलकीच्या दहा मिनिटांची अकरा होतात, बारा होतात. मग ती भिंग खाली ठेवते आणि त्या रिकाम्या स्टुलाकडं तोंड करून, ओठातून येणारं रक्त पदरानं टिपत, मोठ्यानं सांगते.

"सोडली न्हाई, मामा. हाय."